वयस्करांच्या नर्सिंगचं खास शिक्षण घेतलेली सिस्टर आपल्या बेळगाव भागात मिळावी म्हणून काय करता येईल?

शहापूरची_सिस्टर

नमस्कार मंडळी. मी बेळगावातच नर्सिंग करते. आधी मेडिकल वॉर्ड, मग आयसीयू, आणि आता बराचसा वेळ घरोघरी जाऊन वयस्कर पेशंटांचं बघते. बरेच दिवस मनात घोळतंय ते इथं मांडते.

बाळंतपणाला शिकलेली सिस्टर हवी, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. काचेच्या पेटीतल्या बाळाजवळ किंवा ऑपरेशन थिएटरात कुणालाही उभं करत नाहीत. पण 85 वर्षांच्या आज्जीजवळ कुणीही चालतं, अशी समजूत झाली आहे. ‘धुणं-पुसणं, भरवणं, कूस बदलणं, त्यात शिकायचं काय?’ हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही. लहान मुलांचे डॉक्टर वेगळे, नर्स वेगळी, तशीच म्हाताऱ्या माणसांची नर्स वेगळी असायला हवी, कारण त्यांचं शरीर आजार वेगळ्या रीतीनं दाखवतं.

तरुणाला न्यूमोनिया झाला तर तो तापानं फणफणतो, खोकतो. 80 च्या पुढच्या माणसाला ताप येईलच असं नाही. तो नुसता गप्प होतो, ताट बाजूला सारतो, उठताना तोल जातो. लघवीत जंतू झाले तर जळजळीची तक्रार नसते, बोलण्यात गोंधळ सुरू होतो. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ न येता नुसती धाप लागते. साखर उतरली तर घाम-थरथर न होताच माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. हे जिला माहीत आहे ती सिस्टर ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून पुढच्या खाटेकडं जात नाही, थांबून बघते.

एक प्रसंग सांगते, दवाखान्याचं नाव घेत नाही. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. दिवसभर ठीक. रात्री सलाईन उपटायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली, मुलाला ‘कोण रे तू?’ म्हणाले. घरच्यांनी वात झाला म्हणून हाय खाल्ली. ड्युटीवरच्या मुलीनं हात बांधले आणि झोपेच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांना फोन लावायला गेली. मी आधी पोट चाचपलं. बेंबीखाली टणक गोळा हाताला लागला. सकाळी लघवीची नळी काढली होती, त्यानंतर लघवी झालीच नव्हती, आणि झाली नाही हे कागदावर कुणी लिहिलं नव्हतं. डॉक्टरांना सांगून लघवी मोकळी केली, हात सोडले, ड्रॉवरमधला चष्मा आणि कानाचं मशीन काढून लावलं, मुलाला नजरेसमोर बसवलं, दिवा ठेवला. उजाडेपर्यंत माणूस बराच ताळ्यावर आला होता. याला वैद्यकीय भाषेत डिलिरियम म्हणतात. तो वेड नव्हे, त्याला कारण असतं, आणि ते शोधायची एक ठरलेली पद्धत असते. झोपेचं इंजेक्शन देऊन ते आजोबा शांत दिसले असते, कारण मात्र पोटात तसंच राहिलं असतं. ड्युटीवरची ती मुलगी कामचुकार नव्हती. तिला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा वयस्करांच्या नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. जीएनएम (नर्सिंगचा मूळ डिप्लोमा) किंवा बीएस्सी होऊन नोंदणी झालेल्या नर्सला तो करता येतो. पण करणाऱ्या मुली फार थोड्या, कारण करून नोकरीत काही फरक पडत नाही. बेळगावात बिम्स हे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, केएलईसारखी जुनी संस्था आहे, नर्सिंग कॉलेजं आहेत. दरवर्षी आपल्या मुली शिकून बाहेर पडतात आणि पुणे, गोवा, बंगळूर, आखाती देश, ब्रिटन गाठतात. आणि त्यांचेच आई-वडील इथं मागं राहतात.

आपण पेशंटच्या घरच्यांनी मागणी केली तर हे बदलेल, असं मला वाटतं. तुमचे अनुभव लिहा. वाद घाला, चालेल.

निपाणीकर

ताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरात घडलंय. आईला अर्धांग झालं, उजवी बाजू गेली. मी नोकरीला, बायकोही नोकरीला. एका ब्युरोकडून बाई मिळाली, बारा तासांची. स्वभावानं सोन्यासारखी. आईशी गप्पा मारायची, वेणी घालायची. रोज सकाळी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची, आणि आम्हाला वाटायचं किती मायेनं करत्यात. महिन्याभरात माकडहाडावर काळा डाग दिसला. आठवड्यात तिथं खड्डा. ड्रेसिंगला घरी येणाऱ्या कंपाउंडरनं सांगितलं की आत हाडापर्यंत गेलंय.

बाईंना दोष देत नाही. पण ब्युरोवाले फोनवर ‘ट्रेंड नर्स’ म्हणून सांगत्यात आणि घरी येणाऱ्या बाईनं नर्सिंग स्कूलचं तोंडही बघितलेलं नसतंय. साध्या माणसानं हे ओळखायचं कसं?

शहापूरची_सिस्टर

निपाणीकर दादा, वाचून वाईट वाटलं. आता जखम कशी आहे तेही कळवा.

ओळखायचं म्हणाल तर सरळ नोंदणी क्रमांक मागा. एएनएम (उपकेंद्राच्या ताईचा कोर्स), जीएनएम, बीएस्सी यांपैकी काही झालं असेल तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते. नसेल तर त्या बाई नर्स नव्हेत, मदतनीस आहेत. मदतनीसही लागतातच, त्यांच्या कामाला मी कमी लेखत नाही. फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवणारं शिकलेलं कुणीतरी हवं.

स्पिरिटचं सविस्तर सांगते, कारण ही सवय आपल्याकडं घरोघरी आहे. पूर्वी नर्सिंग स्कूलमध्येच असं शिकवायचे. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, आणि लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळलं की आतल्या नाजूक शिरा आणखी दुखावतात. म्हणून तिथं चोळायचं नाही. कूस बदलताना माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपरं, खांद्यांची पाती आणि कानाची पाळीसुद्धा बघायची. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. पांढरं होतच नसेल तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा कडक लागते, रंग जांभळट होतो.

दर दोन तासांनी कूस, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पूर्ण आडवं कुशीवर ठेवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागं उशी देऊन थोडंसंच कलतं ठेवा, साधारण 30 अंश. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी. मधे भोक असलेली रबरी चकती बसायला देतात, ती देऊ नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा तुटतो. एअरबेड घेतला म्हणून कूस बदलायची सुटका होत नाही. वर सरकवताना काखेत धरून ओढू नका, खालची चादर दोघांनी उचलून सरकवा, ओढण्यानंच कातडी सोलते. आणि ओलं डायपर पुढच्या वेळेपर्यंत थांबवायचं नाही, महाग असलं तरी.

जखम असलेल्या माणसाला पोटात प्रथिनं जायला हवीत. नुसती तांदळाची पेज आणि दूध-बिस्कीट यावर ती भरत नाही. अंडं, डाळीचं घट्ट वरण, दही, मासे, घरात जे चालत असेल ते द्या. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

परत_बेळगावात

मी ब्रिटनमध्ये बरीच वर्षं वयस्करांच्या वॉर्डात नर्स होते, आता आईसाठी टिळकवाडीत परत आले. सिस्टरनी कूस बदलण्याचं लिहिलं त्यामागचा इतिहास सांगावासा वाटतो.

डॉरीन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश नर्सनं 1962 मध्ये दवाखान्यातल्या वयस्कर पेशंटांच्या नर्सिंगवर संशोधन छापलं. त्या काळी बेडसोअरवर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांवर, नाना मलमं आणि लेप लावायचे. तिनं दाखवून दिलं की मलमापेक्षा ठरलेल्या वेळी भार बदलणं जास्त उपयोगी. जखम व्हायच्या आधीच धोका ओळखायला तिनं पाच गोष्टींची मोजपट्टी केली: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, माणूस कितपत चालतो-फिरतो, अंथरुणात स्वतः किती हलतो, आणि लघवी-संडासवर ताबा किती. प्रत्येकाला 1 ते 4 गुण. एकूण 14 किंवा कमी आले तर धोका समजायचा. कागद-पेन्सिलीनं होणारं काम. हे एका नर्सनं केलं, आणि वयस्करांचं नर्सिंग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे अशा कामांमुळेच लोकांना पटत गेलं.

त्याआधी 1935 मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडं शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले शेकडो पेशंट आले. ‘आता हे अंथरुणालाच खिळलेले’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेली माणसं. त्यांनी एकेकाला तपासलं, उठवून बसवलं, व्यायाम दिला, वॉर्डाला रंग आणि उजेड दिला. कितीतरी जण पायांवर उभे राहिले, काही घरी गेले. वृद्धवैद्यक ही शाखा तिथून वाढली.

आता तिथं डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृतिभ्रंशासाठी, ‘ॲडमिरल नर्स’ असतात. त्या मुख्यतः घरच्यांना सांभाळतात. आई संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणून दाराशी गेली तर काय बोलावं, आंघोळीला नकार दिला तर काय करावं, हे विचारायला माणूस असतं. आईच्या बाबतीत मला ते ज्ञान रोज उपयोगी पडतं. शेजारच्या काकूंना मात्र विचारायला कुणी नाही, आणि त्या माझ्याकडं येतात तेव्हा लक्षात येतं की अशी एक नर्स आपल्या गावात असती तर किती घरांना आधार झाला असता.

अनगोळकर

मला थोडं वेगळं मांडायचंय, राग मानू नका.

आमच्याकडं आज्जा 90 च्या पुढं जाऊन गेले, सगळं घरात झालं. आई, काकू, आत्या आलटून पालटून. कुणी डिप्लोमावाली नव्हती. दुसरं म्हणजे पैसे. वडगावात मागावर काम करणाऱ्या किंवा उद्यमबागेत फौंड्रीत जाणाऱ्या माणसाला मदतनीस बाईचा पगारच डोईजड होतो. शिकलेली सिस्टर ठेवायची कुठून? मग हे फक्त टिळकवाडीच्या बंगल्यांसाठी होणार का?

शहापूरची_सिस्टर

राग कसला दादा, हाच खरा प्रश्न आहे.

घरातल्या बायका करत होत्या हे खरं, आणि कसं करत होत्या तेही मी जवळून बघते. सासूला एकट्यानं उचलून सुनेची कंबर जाते. रात्रीची झोप नाही. 60 वर्षांची मुलगी 85 वर्षांच्या आईचं करते, आणि तिचीच शुगर वाढलेली असते. पूर्वी अशा कामाला घरात चार बायका असायच्या, आता एकच आहे आणि तीही बऱ्याचदा नोकरी करते. शिवाय आताचे पेशंट वेगळे. पूर्वी नाकात नळी, लघवीची नळी, इन्सुलिन, गळ्याला छिद्र अशा अवस्थेत माणूस घरी येत नव्हता. आता डिस्चार्ज देऊन पाठवतात आणि नळीतून घालायचं कसं हे दारातच दोन मिनिटांत सांगतात. नाकातल्या नळीनं भरवताना डोकं निदान 30 ते 45 अंश वर हवं, आणि भरवून झाल्यावर अर्धा-एक तास तसंच ठेवायला हवं, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बारीक गोष्ट दिसते, पण माणसं यानं जातात.

पैशाबद्दल माझं म्हणणं असं की शिकलेली सिस्टर बारा तास घरी ठेवायचीच नाही. तिनं आठवड्यातून एकदा यावं, अंगावरची कातडी बघावी, गोळ्यांची पिशवी उघडून बघावी, आडवं असताना आणि उभं केल्यावर बीपी घ्यावं, घरच्यांना किंवा मदतनीस बाईला पुढच्या आठवड्याचं काम समजावून द्यावं. अशा एका सिस्टरवर एका भागातली बरीच घरं चालतील. उभं राहिल्यावर वरचं बीपी 20 नी उतरलं की पडण्याचा धोका, हे सगळ्या नर्सना शिकवलेलं असतं, पण आजोबांना उभं करून बीपी घेताना तुम्ही कुणाला बघितलंय? आणि गोळ्यांच्या पिशवीत काय काय सापडतं! दोन डॉक्टरांनी दोन नावांनी दिलेली बीपीची एकच गोळी, मेडिकलमधून आणलेली झोपेची, सर्दीची. सर्दीच्या साध्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाची लघवी तुंबते आणि डोकं भ्रमतं. झोपेच्या गोळीवर असलेला माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो आणि खुबा मोडतो. तो एक खुबा वाचला तरी सिस्टरचे दोन-चार वर्षांचे पैसे वसूल होतात.

आणि सरकारी बाजूनं तर हे फुकट मिळायला हवं. खानापूरकडचं कुणी आरोग्य खात्यातलं असेल तर लिहा.

खानापूरची_लेक

मी आरोग्य खात्यात आहे, खानापूर तालुक्यात. हुद्दा सांगत नाही.

योजना कागदावर चांगली आहे. वयोवृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वेगळा वॉर्ड, वेगळी ओपीडी, सामुदायिक केंद्रात आठवड्यातून दोनदा आणि प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा वयस्करांचा दवाखाना, असं धरलं होतं. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडं उपकेंद्राच्या ताईनं जायचं. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही कलम 20 मध्ये सरकारी दवाखान्यात शक्यतो खाटा, वेगळी रांग, आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या उपचारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरच्या हाताखाली सोय, असं लिहिलंय. डॉक्टरचा अनुभव कायद्यात आला, नर्सचा आला नाही. हे मला फार खटकतं, कारण डॉक्टर राउंडला येऊन जातात, 24 तास खाटेजवळ नर्स असते.

अडचण अशी की नर्सची बदली कुठंही होते. आज वयस्करांकडं, पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या वॉर्डात. शिकलेलं तिथंच राहतं. उपकेंद्राच्या ताईवर लसीकरण, गरोदर बायका, टीबी, सर्व्हे, ऑनलाइन एंट्री. म्हाताऱ्या माणसाकडं बीपीची गोळी देऊन ती उंबऱ्यातूनच परत फिरते. तिला वेळच नसतो.

आणि भूगोल बघा. भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांवरून पावसाळ्यात पेशंट खांद्यावरून आणावा लागतो हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस लागला की दिवसचे दिवस कोण बाहेर पडत नाही. तिथली मुलं गोव्यात कामाला, घरात दोन म्हातारी माणसं. तिथं नर्सनंच त्यांच्याकडं जायला हवं, ती माणसं दवाखान्यात येऊच शकत नाहीत.

हे अशक्य नाही. केरळात 2008 मध्ये राज्याचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आलं. पंचायतीच्या पैशातून नर्स नेमलेली असते, ती जीपमधून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. गावातले स्वयंसेवक बरोबर असतात. त्याची सुरुवात 1993 मध्ये कालिकतला एका छोट्या क्लिनिकातून झाली होती. आपल्या तालुक्याला अशी एक गाडी आणि वयस्करांचं शिक्षण घेतलेल्या दोन नर्स, एवढ्यानंही चित्र बदलेल.

माजी_सुभेदार

जय हिंद. हिंडलग्याजवळ राहतो. फौजेतून निवृत्त. मिसेसना स्मृतिभ्रंश आहे, पाचवं वर्ष.

माझ्यासारखे पेन्शनर या भागात गावोगाव आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच असल्यामुळं. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळं दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च निभतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरातल्या 24 तासांचं काय, हे मला पॉलिक्लिनिकमध्ये कुणी विचारलं नाही आणि मीही कधी बोललो नाही. वर सिस्टरनी घरच्यांच्या झोपेबद्दल लिहिलं ते वाचून पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडंही कुणी बघतंय.

भाषेचं एक सांगतो. मिसेसना हिंदी, कन्नड दोन्ही येत होत्या. आजारात त्या गेल्या, आता फक्त लहानपणीची मराठी राहिली. एका दवाखान्यात सिस्टर कन्नडमधून ‘तोंड उघडा’ म्हणत होती, यांना कळेना, त्या घाबरून मारायला उठल्या, आणि कागदावर ‘आक्रमक पेशंट’ असं लिहिलं गेलं. त्या मुलीबद्दल राग नाही, ती गदगकडची होती. पण येळ्ळूर-कडोलीची मुलगी असती तर ‘आ कर गं आज्जी’ म्हणाली असती. या भागातल्या मुलींना हे शिक्षण द्यावं, असं मला म्हणायचंय. आणि आपल्या मुलींनी कन्नडही नीट शिकावं, कारण बैलहोंगलची आज्जीही तिच्या वॉर्डात येणारच.

परत_बेळगावात

सुभेदार काका, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक नर्सिंग कॉलेजात वाचून दाखवायला हवं. काकूंच्या फाइलला एक कागद लावून ठेवा: त्यांना कोणत्या नावानं हाक मारायची, काय आवडतं, कशाला घाबरतात, चष्मा-कवळी कुठं असते, कोणती भाषा कळते. मराठी, कन्नड दोन्हीत लिहा. ॲडमिट करायची वेळ आली तर तो कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवा. नर्सची ड्युटी दिवसातून तीनदा बदलते, कागद तिथंच राहतो.

आणि काका, स्वतःसाठी रोज दोन तास काढा. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनाचा भार फार झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. बोलायला संकोच करू नका.

जीएनएम_थर्ड_इयर

नमस्कार. मी संकेश्वरची, सध्या गडहिंग्लजला जीएनएम करते. आमच्या बॅचमध्ये सगळ्या आयसीयू नाहीतर परदेश म्हणतात. मला माझ्या आज्जीमुळं वयस्करांचं काम आवडतं, पण मॅडमपासून घरापर्यंत सगळे म्हणतात ‘म्हाताऱ्यांची शी-शू काढायला शिकलीस काय?’ हा डिप्लोमा केला तर पुढं काय? आणि मी महाराष्ट्रात शिकले तर बेळगावात काम करता येईल का?

शहापूरची_सिस्टर

बाळ, तुझी पोस्ट वाचून फार बरं वाटलं.

आधी सोपं. तुझी पहिली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिलकडं होईल. कर्नाटकात काम करायचं तर इथल्या कौन्सिलकडं नोंदणी करून घ्यावी लागते. दोन्हीकडचे कागद, ना-हरकत, सगळं पास झाल्या झाल्या सुरू कर. सीमाभागातल्या मुली हे ‘बघू नंतर’ म्हणून ठेवतात आणि नोकरी हातात आल्यावर धावाधाव करतात. 2023 मध्ये संसदेनं नर्सिंग कमिशनचा नवा कायदा केलाय, 1947 च्या कौन्सिल कायद्याच्या जागी येणारा. त्यामुळं नियम बदलत राहतील. कॉलेजात फी भरण्याआधी त्या कोर्सला मान्यता आहे का ते कौन्सिलच्या यादीत स्वतः तपास. नुसत्या ‘जेरियाट्रिक केअर’च्या सर्टिफिकेटला भुलू नको. काही महिन्यांचे असे कोर्स असतात, ते मदतनिसांसाठी असतात, नोंदणी झालेल्या नर्सच्या डिप्लोमाची जागा ते घेत नाहीत.

डिप्लोमाआधी वर्षभर वॉर्डात काम कर. मेडिकल आणि ऑर्थो मिळाला तर उत्तम. पेशंटला अंथरुणातून खुर्चीत नीट बसवायला शीक, गिळताना ठसका लागतो का बघायला शीक, गप्प पडलेल्या पेशंटकडं जास्त लक्ष द्यायला शीक. ओरडणाऱ्याकडं सगळे धावतात. नुसता पडून राहिलेला, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटणारा, तोही डिलिरियमच असू शकतो आणि तो निसटतो.

शी-शूबद्दल बोलणाऱ्यांना सांग की लघवीचा रंग, संडास किती दिवसांनी झाली, घट्ट की पातळ, यावरून मी आजार ओळखते. चार दिवस संडास न झालेल्या आजोबांना अचानक पातळ व्हायला लागलं तर घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. शिकलेली सिस्टर आधी आत खडा अडकलाय का ते बघते, कारण बऱ्याचदा त्याच्या कडेनं पातळ येत असतं. हे काम हलकं कसं?

पगाराचं मात्र खोटं सांगत नाही. आज तरी डिप्लोमामुळं पगार वाढेल याची खात्री नाही. म्हणूनच हा धागा काढलाय.

चंदगडी

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, पण मोठा आजार झाला की बेळगावच जवळ. पेशंट बेळगावात ॲडमिट, डिस्चार्ज होऊन चंदगडला. तिथून पुढं कोण बघणार? आमच्या उपकेंद्राला बेळगावच्या दवाखान्यातनं काहीच कळत नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, पण कूस, जखम, नळी, चालवायचं कधी, यातलं काही नसतं. दवाखान्यानं नर्सिंगचा वेगळा कागद दिला तरी आमच्या ताईला काम करता येईल. राज्य कुठलंही असू दे.

अनगोळकर

आठवड्यातून एकदा येणारी सिस्टर, हे पटलं. आमच्या गल्लीत मंडळाचा हॉल आहे, गणपती सोडला तर रिकामाच असतो. महिन्यातून एका रविवारी तिथं घरच्यांना शिकवायचं का? गल्लीत अंथरुणावर असलेली किती माणसं आहेत ते मला तोंडपाठ आहे. पलंग मी आणतो. सिस्टर, तुम्ही येणार का?

शहापूरची_सिस्टर

येणार! पलंग साधाच आणा, घरात असतो तसा. हॉस्पिटलचा नको. दोन चादरी, चार उशा, एक प्लॅस्टिकची खुर्ची. बायकांबरोबर पुरुषांनीही यायला हवं, नुसतं दारात उभं राहून चालणार नाही. मदतनीस बाई आहेत त्यांना त्या दिवसाचा पगार न कापता पाठवा.

दुसरं काम अर्जाचं. जिल्हा आरोग्याधिकारी आणि जिल्हा रुग्णालय, दोघांना एकच अर्ज द्यायचा. वयस्करांच्या वॉर्डात ट्रेनिंग झालेल्या नर्सची बदली निदान तीन वर्षं दुसरीकडं करू नये. इच्छुक सरकारी नर्सना पगारी रजेवर डिप्लोमाला पाठवावं. खानापूर आणि निपाणीच्या तालुका रुग्णालयात अशी निदान एक नर्स असावी आणि तिला घरभेटीसाठी गाडी मिळावी. चंदगडी दादांचा नर्सिंगचा डिस्चार्ज कागद मी यात घालते, तो तर खर्चाशिवाय उद्यापासून सुरू करता येतो. खाजगी दवाखान्यांना आपण हक्कानं विचारू शकतो: वयस्करांच्या नर्सिंगचा डिप्लोमा झालेली एक तरी सिस्टर तुमच्याकडं आहे का? दहा घरांनी विचारलं की मॅनेजमेंटच्या कानावर जातं.

खानापूरची_लेक, जिल्ह्यात या कार्यक्रमाच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती भरल्यात हे माहिती अधिकारात विचारायचं तर अर्ज नेमका कुणाकडं द्यायचा, एवढं सांगा. तुमचं नाव कुठं येणार नाही.

खानापूरची_लेक

जिल्हा आरोग्याधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडं द्या, रुग्णालयाचा वेगळा द्या. मंजूर जागा, भरलेल्या जागा, ट्रेनिंग झालेल्या नर्स सध्या कोणत्या वॉर्डात आहेत, हे तिन्ही वेगवेगळे प्रश्न करून विचारा, एकत्र विचारलं तर एकाचंच उत्तर येतं. अर्ज कन्नडमध्ये असला तर लवकर हलतो.

माजी_सुभेदार

कन्नड मी लिहून देतो. मसुदा इथं टाका. ईसीएचएसच्या पेन्शनर मंडळींच्या सह्या मी गोळा करतो.

निपाणीकर

ताई, जखमेचं विचारलं होतं. स्पिरिट बंद केलंय, बाईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली, त्यांनी स्वतः वहीत लिहून घेतली. आता कूस बदलली की वेळ लिहित्यात. जखमेत तळाला लाल दाणेदार मांस दिसायलंय, वास गेलाय, पण एका कडेला आत पोकळी हाय असं कंपाउंडर म्हणतोय. अजून दवाखान्यात दाखवावं काय?

शहापूरची_सिस्टर

लाल दाणेदार मांस म्हणजे भरायला लागलीय. पण कडेला आत पोकळी असेल तर सर्जनला दाखवाच, याच आठवड्यात. वरून कातडी मिटली आणि आत पोकळी राहिली तर पू साठतो. नेताना गाडीत आईला बसवू नका, मागच्या सीटवर कुशीवर झोपवून न्या, गुडघ्यांच्या मधे उशी द्या. आणि बाईंनाही बरोबर न्या, ड्रेसिंग कसं करायचं ते सर्जनकडून त्यांच्यासमोरच समजून घ्या.